शहराच्या सनदेतील दुरुस्ती (गोवा)

शहराचा कारभार ज्या मूळ कायद्यानुसार चालतो त्याला सनद म्हटले, तर गोव्यात ती बदलण्याचा अधिकार शहराकडे नसून राज्य विधानसभेकडे आहे. स्थानिक शासन हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करावयाच्या विषयांच्या यादीत, पाचव्या क्रमांकावर असल्यामुळे महापालिकेची रचना, अधिकार, कर आणि हद्द राज्याचा कायदाच ठरवतो. बदलाची मागणी करणारा ठराव महापालिका संमत करू शकते आणि आपल्या कक्षेत उपविधीही (मूळ कायद्याखालील स्थानिक नियम) करू शकते, परंतु मूळ कायद्याचे एकही कलम तिला स्वतः बदलता येत नाही.

पणजीला ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा १८४३ साली पोर्तुगीज राजाज्ञेने मिळाला. मुक्तीनंतर तिला १९६८ चा नगरपालिका कायदा लागू होता. पुढे पणजीसाठी २००२ चा स्वतंत्र महापालिका कायदा आला. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या उर्वरित तेरा पालिका आजही १९६८ च्याच कायद्याखाली आहेत. त्यामुळे या जुन्या कायद्यातील दुरुस्ती तेरा गावांना एकदम लागू होते, तर महापालिका कायद्यातील दुरुस्ती एकट्या पणजीपुरती असते. मात्र तिच्यावर मांडवीपलीकडे पर्वरीतील विधानसभेत मतदान करणाऱ्या ४० आमदारांपैकी बहुतेक जण पणजीबाहेरून निवडून आलेले असतात, ही या व्यवस्थेतील खरी उणीव होय.

दुरुस्ती विधेयक साध्या बहुमताने संमत होते आणि राज्यपालांच्या संमतीनंतर राजपत्रात प्रसिद्ध होते. अधिवेशन चालू नसताना वटहुकूम काढता येतो. मात्र विधानसभा पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिने तो मान्य केला नाही, तर तो संपुष्टात येतो. विधेयकाचा अधिकृत मजकूर इंग्रजीत असतो. ज्या प्रभागाची सीमा बदलणार आहे तेथील रहिवाशाला तो मराठीत किंवा कोकणीत वेळेवर वाचायला मिळणे म्हणूनच अत्यंत आवश्यक आहे.

विधानसभेच्या या अधिकाराला १९९३ पासून अमलात असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ठाम मर्यादा घातल्या. पालिकेची मुदत पाच वर्षांची असते, आणि कायद्यात दुरुस्ती करून चालू पालिका मुदतीपूर्वी बरखास्त करता येत नाही. किमान एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवाव्या लागतात. निवडणुकांचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे असते. या शेवटच्या मर्यादेचा कस गोव्यातच लागला. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे येथील प्रभाग आरक्षणाचा वाद मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा राज्याच्या कायदा सचिवांकडेच निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार असल्याचे न्यायालयाने गंभीरपणे घेतले आणि केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेतील व्यक्तीला हे पद देता येणार नाही, असा आदेश सर्व राज्यांसाठी दिला.