माईकचा स्टँड: कलंडणं वेगळं, दणका ऐकू येणं वेगळं

टेबलावर ठेवायचा माईक घेतला की थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते, "स्टँड बरोबर नाही." नीट विचारलं तर यातून दोन निराळ्या तक्रारी निघतात. कुणाचा स्टँड डुगडुगतो, माईकच्या वजनाने मान टाकतो, केबलला हात लागला की पुढे कोसळतो. कुणाचा स्टँड मात्र जागचा तसूभरही हलत नाही, पण टेबलावर कप ठेवला, वही सरकवली, कोपर टेकलं की रेकॉर्डिंगमध्ये 'धप्प' असा दणका येतो. पहिला दोष तोलाचा, दुसरा कंपनांचा. दुकानात दोघांनाही बहुधा एकच सल्ला मिळतो: जड स्टँड घ्या. पहिल्याला तो बरोबर लागू पडतो. दुसऱ्याचे पैसे त्यात वाया जातात.

गोव्यात घरीच रेकॉर्डिंग करणारी मंडळी आता बरीच आहेत. फोंड्याकडचे कीर्तन-भजनवाले, नाट्यपदं म्हणणारे, मुलांसाठी धडे वाचून ठेवणारे शिक्षक. बहुतेकांकडे यासाठी वेगळी खोली नसते. जेवणाचं टेबल, मुलांचं अभ्यासाचं टेबल नाहीतर प्लॅस्टिकचं टेबल, आणि त्यावर माईक. खोली बदलता येत नाही, स्टँड बदलता येतो. म्हणून तो घेण्याआधी आपला दोष नेमका कोणता हे कळलेलं बरं.

आधी तोल. स्टँड कधी कलंडेल हे बुडाचं वजन, बुडाची रुंदी आणि माईक बुडाच्या कडेबाहेर किती लोंबतो यांवर ठरतं. समजा गोल लोखंडी बूड दीड किलोचं आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे मध्यापासून कड साडेसात सेंटिमीटरवर. शुअरचा एसएम७बी हा माईक साधारण ७६५ ग्रॅमचा. तो कडेबाहेर १५ सेंटिमीटरच्या आसपास गेला की मागची बाजू उचलली जायला लागते. त्याच बुडावर त्याच कंपनीचा एसएम५८ लावा, तो ३०० ग्रॅमच्या जवळपास, तर कडेबाहेर ३५ सेंटिमीटर गेला तरी स्टँड उभा राहतो. दांडीचं वजन यात धरलेलं नाही, आणि हा अगदी काठावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात याच्या निम्म्यावर थांबावं. पान उलटताना मनगट लागतं, केबल ओढली जाते, पोर येऊन टेबलाला धडकतं.

यावरून एक गोष्ट कळते: उंच, सरळ दांडीवर माईक अगदी बुडाच्या मध्यावर असेल तर मध्यम वजनाचं बूडही पुरतं. जड बूड हवं ते माईक पुढे झुकवायचा असेल तेव्हा. आणि माईक पुढे झुकवावा लागतोच, कारण तोंडापासून तो १०-१५ सेंटिमीटरवर हवा आणि मध्ये वही किंवा लॅपटॉप असतो.

तीन पायांच्या छोट्या ट्रायपॉडबाबत एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पायांची टोकं मध्यापासून १० सेंटिमीटरवर असली, तरी शेजारच्या दोन टोकांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त ५ सेंटिमीटरवर येते. स्टँड कलंडतो तो या रेघेवरून. माईक दोन पायांच्या मधल्या फटीकडे झुकला असेल तर तोलाची जागा निम्मी झाली. तोच स्टँड थोडा फिरवून एक पाय बरोबर माईकखाली आणा. फुकटात होणारं हे काम आहे आणि फरक लगेच जाणवतो. तीन पायांचा एक मोठा फायदाही आहे. पावसाळ्यात फळ्या फुगून वरखाली झालेल्या जुन्या सागवानी टेबलावर गोल बूड लटपटतं, तीन पाय मात्र कुठेही ठेवले तरी टेकतात.

आता दुसरा दोष, आणि मला जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. इथे स्टँड निर्दोष उभा असतो, त्यामुळे लोक माईकला किंवा ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला, दोष देतात. खरं काम टेबल करत असतं. घुमटावर थाप पडली की चामडं थरथरतं, तशी टेबलाची पातळ फळी प्रत्येक धक्क्याला थरथरते. ती थरथर बुडातून दांडीत, दांडीतून माईकच्या अंगात चढते. हवेतून आलेला आवाज आणि अंगातून चढलेली थरथर यांत माईकच्या पडद्याला फरक कळत नाही. लोखंडी बूड टेबलाला घट्ट टेकलेलं असेल तर टेबल हलेल तसं तेही हलतं. बुडाच्या वजनाने टेबलाचीच थरथर थोडीशी कमी होते, पण वाट बंद होत नाही. वाट बंद करायला मध्ये काहीतरी मऊ लागतं.

ते मऊ म्हणजे शॉक माउंट. त्यात माईक इलॅस्टिकच्या दोऱ्यांवर झुलत असतो. पण नुसतं शॉक माउंट लावलं म्हणजे काम झालं असं नाही. माईकच्या वजनाने दोऱ्या किती खाली बसल्या, ते पाहायला हवं. ढोबळ हिशेबाने, इलॅस्टिक ५ मिलिमीटर बसलं तर त्या झुल्याची स्वतःची लय सेकंदाला सुमारे ७ हेलकाव्यांची होते. १ मिलिमीटरच बसलं तर सुमारे १६. या लयीच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनं अडायला लागतात, जितकी वरची तितकी जास्त. लयीच्या आसपासची मात्र उलट वाढतात. जड माईकसाठी बनवलेल्या ताठ शॉक माउंटमध्ये हलका माईक बसवला, तर दोऱ्या जवळजवळ बसतच नाहीत आणि दणका आरामात वर जातो. तपासायला सोपं आहे. माईक बोटाने हलकेच खाली दाबून सोडा. डोळ्यांना दिसेल असा हेलकावा घेतला तर झुला जिवंत आहे. टणक राहिला तर ते शॉक माउंट तुमच्या माईकसाठी नाही.

आणि इथेच दोन्ही दोष एकमेकांत अडकतात. शॉक माउंटचं स्वतःचं वजन असतं, शिवाय ते माईकला आणखी वर आणि पुढे नेतं. दणका घालवायला ते लावलं आणि दुसऱ्या दिवशी स्टँड कलंडला, असं होतं ते यामुळे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तोल पक्का करा, त्यात शॉक माउंटचं वजन धरा, मग मऊपणाकडे वळा.

मऊपणा बुडाखालीही देता येतो. पुष्कळजण स्टँडखाली अख्खा माउसपॅड किंवा चौपदरी टॉवेल घालतात. अख्ख्या माउसपॅडवर वजन इतकं पसरतं की रबर दबतच नाही. टॉवेल दबतो, पण स्टँड डुलायला लागतो, म्हणजे पहिला दोष परत आला. त्यापेक्षा जुन्या रबरी स्लिपरच्या तळव्याचे किंवा जाड माउसपॅडचे रुपयाच्या नाण्याएवढे तीन तुकडे कापा आणि बुडाच्या कडेला सारख्या अंतरावर चिकटवा. जागा कमी म्हणून रबर दबतं, तीनच टेकू म्हणून लटपट नाही. फक्त ट्रायपॉडचा तो नियम इथेही लागू होतो: एक तुकडा माईक झुकतो त्या दिशेलाच हवा. बूड जितकं जड, तितके हे तुकडे चांगलं काम करतात. जड स्टँडचा सल्ला दुसऱ्या दोषालाही उपयोगी पडतो तो एवढ्याच बाबतीत, खाली मऊ असेल तर.

केबल विसरू नका. शॉक माउंट उत्तम, बूड जड, खाली रबर, आणि केबल मात्र माईकपासून ताणून थेट टेबलावर टेकलेली, असं चित्र नेहमी दिसतं. मग कंपनं केबलवरून चढतात. माईकजवळ एक सैल वळसा सोडून केबल दांडीला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा. टेबलाखाली लोंबणारं तिचं वजनही मग माईकला ओढत नाही.

बूम आर्म, म्हणजे टेबलाच्या कडेला लावायचा, माईक धरणारा लांब घडीचा हात, घ्यावा का, असं बरेचजण विचारतात. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळला की तो कलंडण्याचा प्रश्नच मिटतो, टेबल मोकळं राहतं. पण तो टेबलाला इतका घट्ट धरतो की कंपनांना सरळ रस्ता मिळतो, त्यामुळे आर्मबरोबर शॉक माउंट घ्यावंच लागतं, किंवा अंगातच झुला असलेला माईक. स्प्रिंगच्या आर्मला कमीत कमी वजनाचीही अट असते. रोड कंपनीच्या पीएसए१ साठी ती ७०० ग्रॅम ते १.१ किलो अशी आहे. त्यावर एकटा एसएम५८ लावला तर आर्म आपोआप वर जातो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नये. प्लॅस्टिकच्या टेबलाची कड वाकते, तिथेही नको. जुन्या टेबलाची नक्षीदार जाड कड क्लॅम्पच्या जबड्यात मावते का, हे टेप लावून आधी मोजा. मावत असेल तर दोन्ही बाजूंनी प्लायचा तुकडा घालून आवळा, पॉलिश वाचतं.

टेबलच फार वाईट असेल तर मी जमिनीवर ठेवायचा बुटका स्टँड सुचवेन. टेबलाशी संबंधच तुटतो. जुन्या गोवेकर घरांत तळमजल्याची जमीन घट्ट असते, तिथे हा उपाय फार छान चालतो. वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन असेल तर चालण्याचे दणके स्टँडमध्ये येतील, तेव्हा तिथे पुन्हा रबराचे तुकडे लागतील. पेटी किंवा पखवाज घेऊन सतरंजीवर बसणाऱ्यांनी स्टँड त्याच सतरंजीवर ठेवू नये, बाजूच्या मोकळ्या लादीवर ठेवावा.

नेमका दोष ओळखायची एक चाचणी आहे. हेडफोन लावा, रेकॉर्डिंगला ठेवता तेवढाच गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते) ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक करायला सांगा. मग स्टँड माईकसकट उचलून हवेत स्थिर धरा आणि पुन्हा टकटक करायला सांगा. दणका गेला आणि नुसती बारीक टकटक उरली, तर तो टेबलातून येत होता. तसाच राहिला तर तो हवेतून येतोय आणि कुठलाच स्टँड तो अडवणार नाही. जून ते सप्टेंबर कौलांवर कोसळणारा पाऊस या दुसऱ्या प्रकारातला आहे. तिथे शॉक माउंटवर खर्च करू नका, माईक तोंडाजवळ घ्या. अंतर निम्मं केलं की आवाज माईकवर सुमारे ६ डेसिबलने जास्त पडतो आणि पाऊस तेवढा मागे जातो. डोक्यावरच्या पंख्याचा वारा माईकवर येत असेल तर तोही हवेचाच दोष, त्याला फोमची टोपी.

मऊपणा देऊनही थोडी घरघर उरली तर माईकवर किंवा इंटरफेसवर लो-कट, म्हणजे खालचे आवाज कापणारी सोय, असतो, तो ८० हर्ट्झच्या आसपास लावा. बोलण्याच्या आवाजाला त्याने फारसा धक्का लागत नाही. डग्गा किंवा घुमट रेकॉर्ड करताना मात्र तो बंद ठेवा, नाहीतर त्यांचा खर्जच कापला जाईल.

विकत घेताना आटे पाहून घ्या. माईकच्या स्टँडवर ५/८ किंवा ३/८ इंचाचे आटे असतात, कॅमेऱ्याच्या छोट्या ट्रायपॉडवर १/४ इंचाचे. जोडायला पितळी अडॅप्टर मिळतो, तो हाताने नाही तर नाण्याने नीट आवळा, कारण सैल अडॅप्टरमुळे माईक डुलतो आणि लोक बुडाला दोष देतात. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या हवेने लोखंडी बुडाला खालून गंज धरतो आणि टेबलावर तांबडं वर्तुळ उमटतं. पावसाळ्याआधी बुडाच्या खालच्या बाजूला रंगाचा हात द्या, आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावा, आणि शॉक माउंटचं इलॅस्टिक ओढून पाहा. सैल पडलं असेल तर शिवणसामानाच्या दुकानातलं गोल इलॅस्टिक तेवढ्याच जाडीचं बघून घ्या, आणि नव्याने ओवल्यावर माईक दाबून तो हेलकावा पुन्हा तपासा.