घास भरवणारे पाच, त्यात बाप कोणता?

नान्नजच्या माळावर काय किंवा आपल्या परसात काय, कलकलाट करत फिरणारे सातभाई सगळ्यांच्या ओळखीचे. एकाच घरट्यातल्या पिल्लांना थव्यातले चार-पाच जण आळीपाळीने किडे भरवतात. त्यांतला बाप कोणता, हे दुर्बिणीतून दिसत नाही. आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या एका थेंबातून दिसतं. थेंबभर पुरतं, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक आणि त्यात डीएनए असतो, माणसाच्या नसतो.

हिशोब असा. डीएनएवरच्या एका ठरावीक जागी पिल्लाकडे १४२ आणि १५० लांबीचे तुकडे आहेत, आईकडे १४२ आणि १४६. म्हणजे १५० बापाकडून आला. ज्या नराकडे १५० नाही त्याच्यावर फुली. पण एकाच जागेवरून आम्ही कुणाला बाद करत नाही. क्वचित पुढच्या पिढीत लांबी बदलते. कबुतरांच्या जोडीच्या पिल्लाचा बाप तपासणं त्यामानाने सोपं. थव्यातले नर मात्र एकमेकांचे भाऊ किंवा बापलेक असू शकतात आणि सख्ख्या भावांचे तुकडे बरेचसे सारखे निघतात. त्यामुळे जास्त जागा तपासाव्या लागतात. सातभाईंच्या तपासणीचा दर कबुतरांपेक्षा जास्त का, याचं उत्तर हेच.

म्हणून आग्रहाची विनंती: थव्यातल्या सगळ्या मोठ्या पक्ष्यांचे नमुने द्या. एक नर सुटला तर आम्ही ‘बाप बाहेरचा’ म्हणू आणि तो नेमका तुमच्या सुटलेल्यातला असेल. बाहेरचा बाप ही अशक्य गोष्ट नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या पक्ष्यामध्ये निम्म्याहून जास्त पिल्लं थव्याबाहेरच्या नरांची असतात. उलट अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्क्रब-जे या पक्ष्यामध्ये घास भरवणारे मदतनीस असूनही पिल्लं जवळजवळ सगळी जोडीचीच.

पिल्लू आईशीही जुळलं नाही तर आधी ते सातभाईचंच आहे ना, हे बघतो. चातक आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळे होतात!

रक्त सरावलेल्या हातानेच, पंखाखालच्या शिरेतून घ्यावं. थेंब गाळणकागदावर, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात. प्लास्टिक नको. एकांनी ओलसर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भर मे महिन्यात पाठवले. उघडले तर बुरशी, अख्ख्या थव्याचं काम वाया. पाकिटावर पक्ष्याच्या पायातल्या कड्यांचे रंग पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. रक्त नसेल तर मुळासकट पीस चालेल. गळून पडलेल्या पिसाची खात्री नाही.

रानपक्ष्याला हात लावण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवी (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२). तिची प्रत सोबत नसेल तर पाकीट न उघडता परत करतो, ओळखीच्यांचंसुद्धा.