व्हिडिओखालची मराठी ओळ

एखाद्या जपानी किंवा स्पॅनिश व्हिडिओखाली मराठी सबटायटल दिसलं की अजूनही नवल वाटतं. याचं कारण इतिहासात आहे. आपल्याकडे सबटायटलची ये-जा फार काळ एकाच बाजूने चालली. मराठी बोलणं इंग्रजीत उतरवून बाहेर पाठवायचं, एवढंच काम होत असे. जगाचं बोलणं मराठीत आणायला खूप उशीर झाला, आणि ते काम बरंचसं हौशी मंडळींनी केलं.

मूकपटांना भाषेची अडचण जाणवलीच नाही. दृश्यांच्या मधे मजकुराच्या पाट्या येत. पाट्या बदलल्या की चित्रपट दुसऱ्या भाषेत तयार. बोलपट आले आणि पेच पडला. युरोपात १९३०च्या आसपास फिल्मच्या पट्टीवरच अक्षरं उमटवण्याचे प्रयोग सुरू झाले. पुण्यात मात्र वेगळी वाट निघाली. १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभात कंपनीने एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा चित्रित केली : 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). 'माणूस'मधल्या 'कशाला उद्याची बात' या एकाच गाण्यात तर निरनिराळ्या भारतीय भाषांमधली कडवी आहेत. खर्च मोठा होता, पण त्यात शहाणपण होतं. १९५१च्या जनगणनेतही देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. पडद्यावरचं वाचणार कोण?

पुढे प्रभातच्या जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि पुणेकरांना जगभरचे चित्रपट पाहायला मिळू लागले. खालची ओळ अर्थातच इंग्रजी. दूरदर्शनवर रविवारी दुपारी लागणारे बंगाली, मल्याळी चित्रपटही आपण इंग्रजी वाचत वाचतच पाहिले. एका भारतीय भाषेतून दुसरीत जाताना मधे इंग्रजीचा टोलनाका लागावा, याची कुणाला फारशी खंत वाटली नाही. मला वाटते. ज्यांना इंग्रजी भरभर वाचता येत नव्हतं ते घराघरांतले कितीतरी लोक दारातूनच परत गेले, आणि त्यात बायका जास्त होत्या.

मराठी ओळ न येण्यामागे अक्षरांचंही कारण होतं, आणि त्या कामातही पुणं आहे. १९८८मध्ये इथे सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. तिच्या 'जिस्ट' विभागाने संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं मूलभूत काम केलं. कार्यक्रमांवर या लिप्यांतली सबटायटल टाकणारी 'लिप्स' ही यंत्रणाही तिथलीच. पण घरोघरच्या संगणकांवर बराच काळ डीटीपीचे, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवण्यासाठी बनवलेले, फॉन्ट होते. एका ठिकाणी टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या ठिकाणी उघडला, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर नुसता कचरा. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळल्यावरच मराठी अक्षर कुठूनही कुठेही जसंच्या तसं पोहोचू लागलं.

मग २००९ साल आलं. नाना विषयांवरची छोटी व्याख्यानं इंटरनेटवर दाखवणाऱ्या टेड या संस्थेने ती स्वयंसेवकांकडून अनुवादित करून घेणारा प्रकल्प सुरू केला, त्यात मराठीही आली. यूट्यूबने त्याच वर्षी इंग्रजीसाठी आपोआप तयार होणारी सबटायटल आणली. एकेकाळी प्रयोगशाळेत रसायनांनी होणारं काम आता साध्या मजकुराच्या फाइलवर आलं होतं. सबटायटलची अशी एखादी एसआरटी फाइल उघडून पाहा : ओळीचा क्रमांक, ती कधी दिसायची आणि कधी जायची याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ, आणि खाली मजकूर. बस, इतकंच.

कसोटी लागते ती मजकुरात. एका वेळी दोनच ओळी, त्याही वाचून होतील इतपतच. अक्षरमर्यादा बहुतेक वेळा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली असते. 'किंवा' डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, संगणक मात्र क, वेलांटी, अनुस्वार, व आणि काना अशी पाच मोजतो. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी. इंग्रजी वक्ता वाक्य मधेच थांबवतो, टाळ्या घेतो आणि मग पुढे जातो. तसंच्या तसं तोडलं तर आपल्या प्रेक्षकाला कोण, कुठे, कधी हे सगळं कळतं, झालं काय ते कळत नाही. म्हणून जाणता सबटायटलकार एका वाक्याची दोन छोटी, पूर्ण वाक्यं करतो. हे कौतुकाचं काम आहे, आणि ते कोणी केलं हे प्रेक्षकाच्या सहसा लक्षातही येत नाही.

साक्षरतेचा प्रश्नही इथे उलटा फिरतो. अहमदाबादच्या आयआयएममध्ये १९९६मध्ये ब्रिज कोठारी यांनी एक कल्पना मांडली : टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले, तर जेमतेम वाचणाऱ्यांचा वाचनाचा सराव होतो. म्हणजे वाचता येत नाही म्हणून ओळ नको, असं म्हणण्याची गरज उरली नाही.

चॅनलच्या मालकाने मुभा दिली असेल तर यूट्यूबवर त्याच्या व्हिडिओला प्रेक्षकांनी सबटायटल जोडण्याची एक सोय होती. सप्टेंबर २०२०मध्ये कंपनीने ती बंद केली. वापर कमी आणि गैरवापर जास्त, असं कारण दिलं. छोट्या भाषांना त्याचा फटका बसला. यंत्राने केलेला मराठी अनुवाद आता एका टिचकीवर मिळतो, पण वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणं उतरवायला अजून त्या बोलीतला माणूसच लागतो. असं काम करणाऱ्याला आता चॅनलच्या मालकालाच गाठून फाइल द्यावी लागते. कुणी ती त्याच दिवशी चढवतो, कुणाकडून उत्तरच येत नाही.