शैक्षणिक प्रेरणा : अंतःप्रेरणा आणि बाह्य प्रेरणा

विद्यार्थ्याला शिकायला आणि शिक्षकाला शिकवायला प्रवृत्त करणारी, ते काम चिकाटीने चालू ठेवणारी शक्ती म्हणजे शैक्षणिक प्रेरणा. तिचे स्थूलमानाने दोन प्रकार मानतात. कामातच गोडी वाटते, कुतूहल असते, जमल्याचा आनंद मिळतो म्हणून काम केले तर ती अंतःप्रेरणा. गुण, बक्षीस, पगारवाढ, छडी किंवा नापास होण्याची भीती यांपोटी केले तर ती बाह्य प्रेरणा. गणित सुटत नाही तोवर मधल्या सुट्टीतही जागेवरून न हलणारी मुलगी आणि ‘हे परीक्षेला आहे का?’ असे विचारूनच वही उघडणारा मुलगा, दोघेही प्रत्येक वर्गात असतात. मात्र तीच मुलगी इतिहासाच्या तासाला हाच प्रश्न विचारते. त्यामुळे हे दोन प्रकार प्रेरणेचे आहेत, माणसांचे नव्हेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. ज्या वर्तनाला बक्षीस मिळते ते पक्के होते, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची मांडणी शाळांना सहज पटली. वहीवरचा ‘छान’ हा शेरा आणि पहिला नंबर त्यांच्याकडे आधीपासून होतेच. या समजुतीला पहिला मोठा धक्का मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मध्येच प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या वेळी तो बंद केला. मोकळ्या वेळेत कोड्यांशी खेळण्याची त्या गटाची ओढ कमी झाली.

मुलांबाबतचा सर्वांत बोलका पुरावा मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये मांडला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रे काढायला आवडणारी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, शेवटी दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने वर्गातल्या टेबलावर नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ चित्रे काढते हे लपून पाहिले. आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांवर देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र शाबूत होती. म्हणजे बिघाड प्रशस्तिपत्राने केला नव्हता, ‘हे कर, म्हणजे ते देईन’ या सौद्याने केला होता.

या निष्कर्षावर पुढे मोठा वाद झाला. जुडी कॅमरन आणि डब्ल्यू. डेव्हिड पिअर्स यांनी 1994 मध्ये बक्षिसांचा धोका फुगवून सांगितला जातो, असे प्रतिपादन केले. डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी 1999 मध्ये 128 प्रयोग एकत्र अभ्यासून उत्तर दिले : आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसे गोडी घटवतात, मनापासून केलेले कौतुक ती सहसा वाढवते. जे काम मुळातच कंटाळवाणे आहे, तिथे बक्षिसाने फारसे बिघडत नाही, कारण घटायला गोडीच नसते. पाढे पाठ करून घेताना गोळी देणाऱ्या शिक्षिकेला दोष देण्याचे म्हणूनच कारण नाही. गोष्टीचे पुस्तक वाचण्यासाठी गोळी देणे मात्र टाळावे.

डेसी आणि रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार अंतःप्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते : आपले आपण ठरवता येणे, आपल्याला जमते असे वाटणे आणि आपल्याला कोणी आपले मानते हा विश्वास. बाह्य प्रेरणेलाही त्यांनी पायऱ्या कल्पिल्या आहेत. मार बसेल म्हणून अभ्यास करणारा मुलगा खालच्या पायरीवर असतो. नर्स व्हायचे हे स्वतः ठरवून नावडते रसायनशास्त्र नेटाने करणारी मुलगी बरीच वर असते. तिचा हेतू विषयाबाहेरचा असला, तरी तो तिचा स्वतःचा असतो, आणि बहुतेक चांगला अभ्यास याच बळावर होतो.

बक्षीस-शिक्षेवाचूनही मुले कामात रमतात, हे या प्रयोगांच्या कितीतरी आधी इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांना वर्गात दिसले होते. रोममध्ये 1907 साली सुरू झालेल्या ‘बालगृह’ या त्यांच्या बालशाळेच्या काळातला एक प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. एका मुलाला शाबासकी म्हणून क्रूस घातला होता, दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत बसवले होते. पहिला कामात इतका गढला होता, की क्रूस खाली पडला तरी त्याला पर्वा नव्हती. बसवलेल्या मुलाने तो उचलून ‘मी घालू?’ असे विचारले, आणि परवानगी मिळताच तो घालून समाधानाने बसून राहिला. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला आणि ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षणाची उभारणी बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवून केली.

तरीही महाराष्ट्रात बाह्य प्रोत्साहनाची बाजू कमी लेखता येत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे मागितली होती. पालकांनी मुलांना शाळेत पाठवावे आणि शिक्षणाची गोडी लागावी, हा त्यामागचा हेतू होता. 1992 पासून राज्यात दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसामागे 1 रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. 1995 पासून शालेय पोषण आहार आला. हे सोनेरी ताऱ्यासारखे बक्षीस नव्हे. मुलगी घरी राहिली तर धाकट्या भावंडाला सांभाळते, हा घरचा हिशेब असतो, आणि भत्ता त्या हिशेबाला उत्तर देतो. शाळेत आल्यावर तिला तिथे रमावेसे वाटेल का, हे मात्र वर्गातल्या बाईंवर अवलंबून असते. गुणवत्ता यादीचे उलट झाले. ‘बोर्डात येणे’ हे मोजक्या मुलांचे ध्येय होते, त्याची टांगती तलवार मात्र सगळ्यांवर राहिली. मंडळाने ही यादी पुढे बंद केली, ते योग्यच झाले.

शिक्षकांच्या प्रेरणेचा विचार तुलनेने उशिरा आणि बहुधा पैशांच्या अंगाने झाला. इंग्लंडमध्ये 1862 पासून शाळांना मुलांच्या परीक्षेच्या निकालावर आधारित अनुदान देत. तपासनीसासमोर मुले वाचून दाखवत, पण ठरलेले पुस्तक त्यांना तोंडपाठ असे. शतक संपता संपता ती पद्धत सोडून द्यावी लागली. न्यूयॉर्कमध्ये 2007 नंतर 200 हून अधिक शाळांत शिक्षकांसाठी बोनस दिला गेला, पण अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांची प्रगती वाढल्याचे दिसले नाही. याउलट आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांच्या प्रयोगात वार्षिक वेतनाच्या सरासरी 3 टक्के इतक्या बोनसनेही दोन वर्षांत गणित आणि भाषा सुधारली. राजस्थानातल्या उदयपूर भागातील अनौपचारिक शाळांत शिक्षकांना तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा देऊन रोज शाळा भरताना व सुटताना मुलांसह फोटो काढायला लावला आणि पगार हजेरीशी जोडला. शिक्षकांची गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आली. हजर राहणे पैशाने साधते, कारण ते मोजता येते. मुलाच्या चुकीमागचा विचार समजून घेणे मोजता येत नाही आणि विकतही घेता येत नाही.

पगार पुरेसा नसेल तर ही चर्चाच पोकळ ठरते. फुल्यांनी गावच्या शिक्षकाला दरमहा किमान 12 रुपये, मोठ्या गावात 15 ते 20 रुपये मागितले होते; अधिक मुले उत्तीर्ण करणाऱ्यांना वेगळा भत्ता आणि गावकारभारात स्थान मिळावे, असेही सुचवले होते. महाराष्ट्रात 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा 3,000 रुपये मानधन होते. 2023 मध्ये ते 16,000 रुपये झाले. विनाअनुदानित तुकड्यांवरच्या शिक्षकांची अवस्था याहून बिकट राहिली आहे. सेवेच्या 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी त्याहून वरची निवडश्रेणी ही बढतीची वाट असली, तरी ती वर्गातल्या कामापेक्षा सेवाकाल आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांशी जास्त बांधलेली आहे.

शिक्षकावरचा दाब मुलांपर्यंत पोहोचतो. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये शिकवणाऱ्यांच्या एका गटाला ‘विद्यार्थ्यांनी ठरलेली पातळी गाठलीच पाहिजे, ती जबाबदारी तुमची’ असे बजावले, दुसऱ्याला असे काही सांगितले नाही. पहिल्या गटातले लोक दुसऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बोलले, सतत सूचना देत राहिले आणि विद्यार्थ्याला विचार करायला अवधी न देता उत्तरे सांगत सुटले. केंद्रप्रमुखांची भेट जाहीर झालेल्या दिवशी आपल्याकडच्या अनेक वर्गांत हेच घडते : फळ्यावर उत्तरे लिहिली जातात आणि मुले ती उतरवून घेतात.