टोपी काढा, दांडा पाहा

सातपूरच्या एका भंगारवाल्याकडे जुने कीबोर्ड किलोवर मिळतात. गेल्या रविवारी भाच्याला घेऊन गेलो. पिवळट पडलेल्या ढिगातून त्याने एक ओढून काढला आणि म्हणाला, "मामा, हा केवढा जड आहे!" वायरीच्या टोकाला पाच पिनांचा जाड गोल प्लग होता आणि विंडोजची की कुठेच नव्हती. म्हणजे बनावट बहुधा १९९५ च्या आधीची. पण आत कोणता स्विच आहे, हे कीवरची प्लॅस्टिकची टोपी काढल्याशिवाय कळत नाही.

आजच्या बहुतेक स्वस्त कीबोर्डांत कीखाली रबराचा घुमट असतो. त्या काळच्या चांगल्या कीबोर्डांत मात्र प्रत्येक कीला स्वतःचा स्विच असे. टोपी काढायची तर दोन पेपर क्लिप सरळ करून टोकं वाकवायची, समोरासमोरून टोपीखाली अडकवायची आणि सरळ वर ओढायची. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका, ही मनापासून विनंती. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

टोपी ज्यावर बसते तो स्विचचा दांडा खाली अधिकच्या चिन्हासारखा दिसला, तर तो जर्मनीच्या चेरी कंपनीचा एमएक्स किंवा त्याची नक्कल. दांड्यात आडवी आयताकृती खाच असेल, तर जपानच्या आल्प्स कंपनीचा किंवा त्याची नक्कल. अस्सल असेल तर स्विचच्या अंगावर बहुधा कंपनीचं नाव कोरलेलं दिसतं. टॉर्च तिरका धरून पाहावं.

आमच्या कीबोर्डात खाच होती आणि दांडा काळा होता. "काळा म्हणजे लिनिअर," भाचा लगेच म्हणाला. लिनिअर म्हणजे वरपासून खालपर्यंत कुठेही न अडखळता जाणारा. चेरीच्या काळ्यासाठी ते अगदी बरोबर आहे. पण मी त्याला ती की अगदी हळू दाबायला सांगितली. सुरुवातीलाच बोटाला एक उंचवटा लागला. आल्प्सचा काळा अडखळणाराच असतो, कारण आत वाकवलेली पातळ पत्ती दांड्याला अडवते. डेलच्या जुन्या एटी१०१ कीबोर्डात हेच स्विच असत. रंगाची भाषा कंपनीगणिक बदलते, म्हणून आधी आकार पाहायचा आणि मग रंग. ॲपलच्या १९८७ च्या एक्स्टेंडेड कीबोर्डात आल्प्सचा गुलाबीसर दांडा आहे, तोही अडखळणारा, पण टिकटिक न करणारा. चेरीच्या निळ्यात टिकटिक असते. तिथे दांडाच दोन तुकड्यांचा असतो आणि खालचा पांढरा तुकडा झटक्यात खाली आदळतो.

मला सर्वांत जास्त भुरळ घालते ती आयबीएमची रचना. टोपी आणि दांडा निघाले की नळीत उभी स्प्रिंग दिसते, बस्स! प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. बराच वेळ ती ताठ राहते आणि मग एकाएकी बाजूला वाकते. ताठ खांब किती भाराला असा वाकेल, याचं गणित गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच मांडलं होतं. इथे स्प्रिंग तशीच वाकते, तळाची छोटी पट्टी उलटते आणि खट् असा आवाज होतो. १९८१ च्या आयबीएम पीसीसोबतच्या मॉडेल एफमध्ये ही पट्टी विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलून की दाबल्याची खबर देते. १९८५ च्या मॉडेल एममध्ये ती प्लॅस्टिकच्या थरांवरचे संपर्क जुळवते. बोटाला झटका लागतो त्याच क्षणी अक्षर नोंदलं जातं.

आल्प्सचा एक शत्रू म्हणजे धूळ. ती आत गेली की दांडा खरखरतो. आमच्या कीबोर्डाची स्पेसबार तशीच खरखरत होती. भंगारवाल्याने तो काट्यावर ठेवला, तेव्हा भाचा पेपर क्लिपा घेऊन ढिगातल्या दुसऱ्या कीबोर्डाची टोपी काढत होता.