हाताला गुण येतो कुठून?

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "आमचं क्लिनिक आता मेडिकल होम झालंय." शेजारी बसलेल्या मावशीचा चेहरा उतरला. आपल्याकडे 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान, आणि 'होम' म्हटलं की एक तर नर्सिंग होम, नाही तर वृद्धाश्रम. "तुला ॲडमिट केलंय का गं?" मावशीने घाबरून विचारलं. तिची समजूत घालायला अर्धा तास लागला. तेव्हाच ठरवलं, या विषयावर नीट लिहायचं.

मेडिकल होम ही इमारत नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ साली हा शब्द आणला, तेव्हा त्याचा अर्थ अगदी साधा होता: दीर्घ आजार असलेल्या मुलाचे सगळे वैद्यकीय कागद एकत्र राहतील अशी एक जागा. ही मुलं चार डॉक्टरांकडे जायची आणि प्रत्येकाकडे हकिगतीचा एकेक तुकडा असायचा. पुढे अर्थ वाढत गेला. २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या चार मोठ्या संघटनांनी मिळून तत्त्वं जाहीर केली. प्रत्येक रुग्णाला स्वतःचा एक डॉक्टर हवा, त्याच्यासोबत टीम हवी, एका अवयवाकडे न बघता अख्ख्या माणसाकडे बघायला हवं, तज्ज्ञांकडे पाठवलं तरी सूत्रं एका हाती हवीत, वेळेला डॉक्टर भेटायला हवेत आणि या सगळ्या कामाचा मोबदलाही मिळायला हवा.

आपल्याकडे यातल्या अर्ध्या गोष्टींना फार जुना शब्द आहे: हातगुण. "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हो, नुसती नाडी बघितली तरी बरं वाटतं." गोळी तीच, पण अमुक डॉक्टरांनी दिली की लागू पडते, असं मानणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. हातात दैवी काही नसतं. मात्र लोकांना येणारा अनुभव खोटा नाही, आणि त्याचं कारण सापडतं.

माझ्या वडिलांचंच सांगतो. सात वर्षांपूर्वी त्यांचं क्रिएटिनिन ०.८ होतं, गेल्या वर्षी १.२. लॅबच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा १.३ छापलेली, त्यामुळे आकड्यापुढे ना ठळक अक्षर, ना फुली. पाहिलेल्या प्रत्येक डॉक्टरांनी "नॉर्मल आहे" म्हणून कागद परत दिला. क्रिएटिनिन स्नायूंमधून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि मूत्रपिंड ते गाळून बाहेर टाकतं. गाळण्याचा वेग निम्मा झाला, तर रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे ०.८ चं १.२ होणं याचा ढोबळ अर्थ असा, की गाळण्याची क्षमता एक तृतीयांशाने घटली. जुना आकडा समोर असेल तरच हे दिसतं.

कारण घरातच होतं. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वडील रोज घेत होते. या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि रक्तदाबही वाढवतात. रक्तदाब वाढला म्हणून फिजिशियननी त्यावरची गोळी वाढवली. दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच औषध दिलं. पण त्या दोन गोळ्यांची गाठ पडली ती फक्त आमच्या घरच्या डब्यात. सगळे कागद साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत होते, आणि ती पिशवी पूर्ण उपसायला कुणालाही वेळ नव्हता.

जाता जाता, वर्तमानपत्रातून पडणाऱ्या 'फुल बॉडी चेकअप'च्या पत्रकांबद्दल. नॉर्मलची मर्यादा बहुधा १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचीही निदान एक चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. निरोगी माणूस आजारी ठरवायचा हा सोपा मार्ग आहे, आणि माझ्या वडिलांसारखा माणूस त्याच यंत्रातून 'नॉर्मल' म्हणून बाहेर पडतो.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो. तेच डॉक्टर वर्षानुवर्षं आपल्याला ओळखत असणं, यालाच हातगुण म्हटलं तर तो मोजता येतो! १९७७ साली थॉमस बाइस आणि स्टुअर्ट बॉक्सरमन यांनी उपचारातलं सातत्य मोजणारा एक निर्देशांक मांडला. वर्षभरातल्या डॉक्टरांकडच्या खेपा घ्या. त्यातल्या कोणत्याही दोन खेपा डोळे मिटून उचलल्या, तर दोन्ही वेळा डॉक्टर तेच असण्याची शक्यता किती? तोच तुमचा निर्देशांक. दर वेळी तेच डॉक्टर असतील तर १, दर वेळी नवे असतील तर शून्य.

वडिलांच्या दहा खेपा मोजल्या: फिजिशियनकडे ४, हाडांच्या डॉक्टरांकडे ३, गल्लीतल्या डॉक्टरांकडे २, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे १. दहा खेपांच्या जोड्या ४५ होतात. त्यात चार खेपांच्या ६, तीन खेपांच्या ३, दोन खेपांची १ आणि एकट्याची जोडी नाही, म्हणजे 'तेच डॉक्टर' असलेल्या जोड्या १०. १० भागिले ४५, म्हणजे ०.२२. याच दहापैकी ८ खेपा एकाकडे आणि उरलेल्या दोन दोघांकडे झाल्या असत्या, तर २८ भागिले ४५, म्हणजे ०.६२. सूत्रात लिहायचं तर प्रत्येक डॉक्टरकडच्या खेपांचे वर्ग करून बेरीज घ्या, त्यातून एकूण खेपा वजा करा आणि एकूण खेपा गुणिले त्याहून एक कमी, या संख्येने भागा. वर्ग आल्यामुळे एकाच ठिकाणच्या खेपांना जास्त वजन मिळतं. या निर्देशांकाला क्रम कळत नाही. आधी पाच खेपा एकाकडे आणि मग पाच दुसऱ्याकडे, किंवा आलटून पालटून दोघांकडे, दोन्हींना तो सारखंच मोजतो. म्हणून लागोपाठच्या खेपांचीच तुलना करणारा दुसरा निर्देशांकही वापरतात: पहिल्या माणसाला ९ पैकी ८, दुसऱ्याला शून्य.

सातत्याचा उपयोग होतो का? नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला नेमून दिलेला घरचा डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. १५ वर्षांहून जास्त काळ तेच डॉक्टर असलेल्यांमध्ये, डॉक्टर बदलून जेमतेम वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात भरती होण्याची शक्यता २८ टक्के आणि मृत्यूची शक्यता २५ टक्के कमी आढळली. हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे, म्हणून यातून कार्यकारण पक्कं ठरत नाही. पण १५ वर्षांपर्यंत पायरी-पायरीने फायदा वाढत जाताना दिसतो, हे मला फार बोलकं वाटतं.

मेडिकल होमच्या मॉडेलचा निकाल मात्र सरसकट चांगला नाही. सिॲटलच्या ग्रुप हेल्थ या संस्थेने एका दवाखान्यात प्रयोग केला. दर डॉक्टरमागचे रुग्ण २,३२७ वरून १,८०० पर्यंत खाली आणले आणि भेटीची वेळ २० मिनिटांवरून ३० केली. तातडीच्या विभागातल्या खेपा २९ टक्क्यांनी घटल्या. ही संस्था विमाही स्वतःच चालवायची, त्यामुळे वाचलेला पैसा तिच्याकडेच राहिला. याउलट आग्नेय पेनसिल्व्हेनियातल्या ३२ दवाखान्यांना मेडिकल होमचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पैसे दिले. तीन वर्षांनी गुणवत्तेच्या ११ पैकी एकाच निकषात सुधारणा दिसली, आणि रुग्णालयातल्या भरत्या कमी झाल्या नाहीत. प्रमाणपत्र मिळालं, पण डॉक्टरला वेळ मिळाला असं त्यातून होत नाही. आपल्याकडच्या १४ आकडी आभा क्रमांकाने, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाने, कागद एका जागी येतील, आणि ते यायलाच हवेत. तरी ते वाचून "अहो, हे आधी ०.८ होतं" म्हणणारं माणूस लागतंच.

वडिलांची वेदनाशामक गोळी बंद केली, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ०.९५ वर आलं. आता सगळे आकडे मी एका वहीत तारखेनुसार लिहितो आणि ती वही फिजिशियनसमोर उघडून ठेवतो.

मावसबहिणीलाही तिच्या खेपा मोजायला सांगितल्या होत्या. रविवारी तिने कळवलं: वर्षात सात, त्यातल्या पाच तिच्या डॉक्टरीणबाईंकडे, दोन त्याच टीममधल्या नर्सकडे. निर्देशांक ०.५२. टीमला एकच धरलं तर १. टीमला एक धरायचं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मग ती म्हणाली, "परवा त्या नर्सकडे गेले ना, तर बसायच्या आधीच तिने विचारलं, आईचा मोतीबिंदू झाला का म्हणून."