पार्श्वभूमी : पेट-सीटी आणि २.५ चा आकडा

कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे १९२० च्या दशकातच दिसलं होतं. एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ती १९७६ मध्ये, आणि तेव्हा लक्ष मेंदूवर होतं.

पुढे पेट (टोचलेली साखर शरीरात कुठे साठली हे दाखवणारा स्कॅन) आणि सीटी (क्ष-किरणांनी अवयवांची रचना दाखवणारा स्कॅन) वेगवेगळ्या वेळी करून दोन्ही चित्रं संगणकावर एकमेकांवर बसवू लागले. मेंदूच्या बाबतीत ते जमलं. पण पोटात आतडी सरकतात, छाती श्वासागणिक हलते. चकाकणारा ठिपका गाठीचा की शेजारच्या आतड्याचा, हे कळेना. १९९८ मध्ये एकाच टेबलावर दोन्ही तपासण्या करणारा पहिला नमुना वापरात आला, २००१ पासून यंत्रं विक्रीला आली आणि काही वर्षांतच नुसती पेट यंत्रं जवळजवळ बंद झाली.

जागेचा प्रश्न सुटला, आकड्याचा राहिला. रिपोर्टात गाठीपुढे ‘एसयूव्ही मॅक्स’ असतो. टोचलेला एफडीजीचा डोस शरीरभर सारखा पसरला असता तर जितका दिसला असता, त्याच्या कितीपट गाठीत जास्तीत जास्त साठला, एवढंच तो सांगतो. फुप्फुसातल्या गाठींसाठी २.५ ही सीमा रूढ झाली : वर गेला की कॅन्सरचा संशय. ही सीमा नुसत्या पेटच्या काळातली, त्या वेळच्या यंत्रांवरची. तरी ती नव्या यंत्रांवर आणि इतर अवयवांनाही लावली गेली. माझ्या मते इथे सोयीने शास्त्रावर मात केली. क्षयाची गाठ २.५ सहज ओलांडते. उलट सेंटिमीटरपेक्षा लहान कॅन्सर यंत्राला धूसर दिसतो आणि खाली राहू शकतो. रक्तातली साखर वाढलेली असली, किंवा इंजेक्शननंतर ६० ऐवजी ९० मिनिटांनी स्कॅन झाला, तरी आकडा हलतो.

उपचारांचा परिणाम पाहताना हे फार महत्त्वाचं ठरतं. केमोनंतर ८ चे ६ झाले की घरच्यांना हायसं वाटतं. पण दोन स्कॅन वेगळ्या यंत्रांवरचे असतील तर ती घट खरी असेलच असं नाही. लिम्फोमासाठी, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी, २००९ मध्ये पाच पायऱ्यांची पद्धत मांडली गेली : गाठीची चकाकी त्याच रुग्णाच्या यकृताशी आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी ताडायची. तुलना एकाच चित्रात होत असल्याने यंत्रायंत्रातला फरक बराचसा बाजूला पडतो. इतर कॅन्सरमध्ये इतकी सर्वमान्य पद्धत अजून रुळलेली नाही.

२०१० च्या सुमारास आलेल्या पेट-एमआरआयने गुंता वाढवलाच. एसयूव्ही काढताना एफडीजीची किरणं वाटेत शरीरात किती शोषली गेली, हे धरावं लागतं. सीटी हा हिशोब थेट देतो. एमआरआयमध्ये तो अंदाजाने काढावा लागतो. त्यात हाड धरलं नाही, तर हाडातल्या गाठीचा एसयूव्ही पेट-सीटीपेक्षा कमी येतो.